बुधवारचं परकं जहाज

कादिझ, शुक्रवार, १८ ऑक्टोबर १८०५

डोळ्यांचा कारभार मोठा गमतीचा आहे. वही उघडली की चष्म्याशिवाय स्वतःचं अक्षर दिसत नाही, आणि मनोऱ्यावर चढलो की क्षितिजावरच्या शिडाला ठिगळ कुठे लावलंय तेही सांगतो. शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं, आता उरलेले दिवस खिडकीत बसून जुन्या कविता आठवण्यात जातील. पण शेजारच्या दारूच्या व्यापाऱ्याची विधवा म्हणाली, मास्तर, माझ्या घरावरचा मनोरा रिकामा आहे, तुमचे डोळे रिकामे आहेत, घाला दोघांची गाठ. तेव्हापासून हेच काम. येणारं जहाज आपलं असेल तर मी दोरीनं काळा गोळा काठीवर चढवतो. परकं असेल तर गोळा खालीच. त्या गोळ्याकडे बघून बंदराचे वाटाडे जहाजाला आत आणायला होड्या पाण्यात लोटतात. इतक्या वर्षांत माझा गोळा एकदाही चुकलेला नाही. लिहिताना जरा छाती फुगते, पण वही माझीच आहे.

आज माझा मुलगा आन्सेल्मो जेवायला आला होता. तो सुकाणू धरतो त्या ‘सांता कितेरिया’ जहाजाला निघायचा हुकूम झालाय. आपली आणि फ्रेंचांची सगळी जहाजं एकदमच बाहेर पडणार. इंग्रज बाहेर दबा धरून आहेत हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

“जेव नीट,” त्याची बायको रेमेदिओस त्याला म्हणाली. “तिकडे किडके पावच मिळणार आहेत.”

“किड्यांना निदान चव असते. तुझ्या चण्यांना तीही नाही.”

तिनं डाव त्याच्या पाठीत हाणला आणि आणखी वाढलं.

तो सांगत होता, रस्त्यावरचे भिकारीसुद्धा उचलून जहाजावर भरलेत. “एकाला म्हटलं, डावा दोर ओढ. म्हणाला, डावा कुठला? म्हटलं, डावा हात कुठला ते तरी ठाऊक आहे का? तर म्हणे, ज्यानं भीक मागत नाही तो. असल्यांना घेऊन लढायचंय, बाबा.” मग सुताराचं सांगत बसला. त्यानं नवा क्रूस केलाय, माणसाच्या दुप्पट उंच. लढाई लागली की आपल्या प्रत्येक जहाजाच्या पिछाडीला असा क्रूस टांगतात, आणि मग जहाज बुडेपर्यंत तो उतरत नाही. “रंग अजून ओला आहे,” आन्सेल्मो म्हणाला.

“म्हणजे देवालाही कपडे सांभाळून बसावं लागणार,” रेमेदिओस म्हणाली, आणि हसता हसता एकदम माझ्याकडे वळली. “बाबा, ताप आलाय म्हणून कळवू या का? वैद्य ओळखीचा आहे.”

मी म्हणालो, माझ्या वर्गात पेटीवर उभा राहून ज्या मुलानं वीरांची कविता एका दमात म्हटली होती तो पांघरुणात तोंड लपवणार नाही. काय म्हटली होती तेव्हा. मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा शाईची बोटं तोंडात घालून ऐकत राहिली होती. आन्सेल्मो माझ्याकडे बघून हसला. टोपी घेतली आणि निघाला. लहानपणापासून असाच, गुणी.

रविवार, २० ऑक्टोबर

सगळा दिवस मनोऱ्यावर. शिडं दक्षिणेकडे गेली. संध्याकाळच्या उन्हात ती अशी दिसत होती की जणू कोणी धुतलेले कपडे समुद्रावर वाळत घातलेत आणि आता ते एकेक करून काढून नेतंय. ‘सांता कितेरिया’ ओळखली. सुकाणू धरणारी माणसं इतक्या लांबून दिसत नाहीत, तरी मी हात हलवला.

सोमवार, २१ ऑक्टोबर

दुपारपासून तोफा. त्राफाल्गारचं भूशिर इथून दिसत नाही, पण आवाज येतो. आवाजही नव्हे, भिंतीला तळवा लावला तर आत काहीतरी दळल्यासारखं वाटतं. सगळं गाव गच्च्यांवर.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तोफा सुरू व्हायच्या सुमाराला वारा मेला. पडला नव्हे, मेलाच. मनोऱ्यावरचं निशाण ओल्या फडक्यासारखं काठीला चिकटलं. माझ्या शेजारी कोस्मे होता, वाटाड्यांचा म्होरक्या, माझा एकेकाळचा सर्वांत ढ विद्यार्थी. तो पाण्याकडे बघत म्हणाला, “मास्तर, इंग्रज वाऱ्यावर चालून येत असले तर आत्ता ते मध्येच खिळलेत. आपल्या तोफांसमोर. बसलेल्या बदकांसारखे.”

“मग आपण जिंकतो म्हण की.”

“बदकांच्या जागी माणसं आहेत, एवढंच म्हणतोय.”

मंगळवार, २२ ऑक्टोबर

जिंकलो.

सकाळी मासेमारीची एक होडी बातमी घेऊन आली आणि गावातल्या सगळ्या घंटा एकदम सुटल्या. कोस्मेचं खरं ठरलं. वारा पडल्यावर इंग्रजांची पुढची जहाजं जागच्या जागी उभी राहिली आणि आपल्या रांगेनं ती एकेक करून फोडली. मागची मदतीला पोचूच शकली नाहीत. वारा परत आला तेव्हा अर्धी बुडाली होती नाहीतर शरण आली होती, उरलेली पळाली. इतकी वर्षं या समुद्राचे मालक म्हणून मिरवणारे संपले. ज्यांना आम्ही वर्गात वीररसाच्या कविता शिकवल्या त्यांनी हे केलं, असा विचार मनात आला आणि डोळे भरले.

रेमेदिओसला मिठी मारायला गेलो तर ती म्हणाली, “बाबा, जहाज कुठलं परत आलं ते सांगा. बाकीचं मला कळत नाही.”

अजून एकही आलेलं नाही. संध्याकाळी नैऋत्येचा वारा सुटला. काल मेलेला जणू सूड घ्यायला उठलाय.

बुधवार, २३ ऑक्टोबर

असं वादळ मी पाहिलेलं नाही. मनोरा हलतोय हे पायांना कळत होतं. दुसऱ्या मनोऱ्यांवरचे पहारेकरी खाली उतरले. मी राहिलो.

दुपारी पावसाचा पडदा जरा सरकला आणि बंदराच्या तोंडाशी एक मोठं लढाऊ जहाज दिसलं. तिन्ही डोलकाठ्या मोडलेल्या. एका खुंटाला शिडाचा तुकडा बांधलेला. काळ्या अंगावर पिवळे पट्टे, म्हणजे इंग्रजी. निशाण नाही, लावायला काठीच नव्हती. थांबून थांबून एक तोफ उडवत होते, मदत मागायला. मी दुर्बीण आधी पिछाडीवर लावली. क्रूस नव्हता.

कोस्मे जिना चढून वर आला. निथळत होता.

“काय मास्तर, आपलं की परकं?”

“परकं.”

“नीट बघा.”

“बांधणी इंग्रजी, पट्टे इंग्रजी, पिछाडीला क्रूस नाही. आणखी काय बघू?”

“क्रूस वाऱ्यानं उडाला असेल.”

“आपली माणसं असती तर दुसरा टांगला असता. अन्न नसलं तरी चालेल, क्रूस हवा. तू का नवा आहेस या गावात?”

“शाळेत पण तुम्ही असंच करायचात. उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली म्हणून छडी.”

“तुझं उत्तर कधी बरोबर आलं नव्हतं.”

तो हसला नाही. “मोठा नांगर आणि दोर होडीत घालून ठेवलाय. तेवढा एक नांगर त्यांना पोचवला तर ते खडकांपासून लांब राहतील. वर माणसं आहेत हो.”

“परवा आपल्यांना मारत होती ती.”

“तुम्ही ‘आपलं’ म्हणालात तर माझी पोरं या लाटांत उतरतील. परक्यांसाठी पोरं गमावली तर त्यांच्या बायकांना मी काय तोंड दाखवू? म्हणून विचारतो. गोळा चढवताय?”

मी पुन्हा दुर्बीण लावली. माझ्या मनात कुठलीही घाई नव्हती, हे मी इथे स्वच्छ लिहितो. पिछाडीवर माणसं गोळा झाली होती. त्यांनी एक लांब लाकूड ओढत आणलं, त्यावर दुसरं आडवं ठेवलं, आणि दोरानं करकचून बांधलं. एक जण कठड्यावर चढून बाकीच्यांना हातवारे करत होता आणि गावाकडे बोट दाखवत होता. थेट आमच्या मनोऱ्याकडेच, असं क्षणभर वाटलं.

“तराफा बांधताहेत,” मी म्हणालो. “जहाज सोडून पळायच्या बेतात आहेत.”

त्यांनी ते लाकूड उभं केलं, तेही मी कोस्मेला सांगितलं. लाटेनं पाडलं. पुन्हा उभं केलं. तराफा उभा कशाला करतात ते मला कळलं नाही. इंग्रजांच्या रीती वेगळ्या असतील. मग पावसाचा पडदा पुन्हा पडला.

गोळा मी चढवला नाही.

पाऊस ओसरला तेव्हा जहाज खडकांवर होतं. कोळी त्या खडकांना ‘डुकरिणी’ म्हणतात, कारण त्या सगळं खातात. कोस्मे कधी खाली गेला ते मला कळलं नाही. एरवी जाताना टोमणा मारल्याशिवाय जात नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

‘सांता कितेरिया’ आली. काय दशा, पण आली, आणि मागे तो मोठा क्रूस लोंबकळत होता. मी गोळा इतक्या जोरात ओढला की तळवा सोलला.

रेमेदिओस धक्क्यावर धावली. मी पोचलो तेव्हा ती जहाजावरच्या तांडेलाशी बोलत होती. आन्सेल्मोला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी देवाचे आभार मानतोय तोवर तांडेल म्हणाला, “पण तो आमच्याबरोबर नाही, मास्तर. पकडलेल्या इंग्रजी जहाजावर आपली थोडी माणसं चढवली, त्यात तो आहे. सुकाणूला हात पक्का म्हणून त्यालाच निवडलं. वादळात चुकामूक झाली.”

“कुठलं जहाज?”

“नाव जिभेवर बसत नाही. सगळी सारखीच दिसतात, काळी आणि पिवळी.”

माझा मुलगा जिंकलेलं जहाज घेऊन घरी येतोय. पेटीवर उभा राहून म्हटलेली कविता अशी खरी होते. मी रेमेदिओसला हेच म्हणालो. ती भिंतीला टेकली होती.

“बाबा, कालचं ते जहाज.”

“ते इंग्रजांचं होतं. आपले असते तर क्रूस नसता का लावला?”

“लावायला त्यांच्याकडे होता का?”

“नसला तर करतात गं. दोन लाकडं तर लागतात.”

तिनं ओढणी घट्ट केली आणि ती त्या खडकांजवळच्या कालेताच्या वाळूकडे निघून गेली. मी मनोऱ्यावर गेलो. चौथीच्या पुस्तकात दोन ओळी होत्या, दिवसभर त्याच घोळत होत्या:

गेली लाट पुन्हा येई,
तीर तिची वाट पाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

वारा थोडा उतरला. दोन जहाजं आली, दोन्ही फ्रेंच. आन्सेल्मो नाही. बहुधा लांब दक्षिणेला गेला असेल, आफ्रिकेच्या किनाऱ्याला आसरा घेतला असेल.

कालेतावर समुद्र रोज प्रेतं आणून टाकतोय. बुधवारच्या जहाजाची. मनोऱ्यानं परकं म्हटलेलं, म्हणजे आपल्या चर्चबाहेरची, पाखंडी. त्यांना तटाबाहेर वाळूतच पुरायचं, असं पाद्रीबाबांनी सांगितलंय. नियमच आहे. रेमेदिओस रोज तिथे जाते. घाघऱ्याची कड ओली करून येते आणि चुलीजवळ वाळवत बसते. मी म्हणालो, परक्यांसाठी एवढं कशाला? ती म्हणाली, “कोणाची तरी असतील ना, बाबा.” मन मोठं आहे पोरीचं.

आज तिनं पेटीतून आन्सेल्मोचा लग्नातला सदरा काढला. म्हटलं, आत्ताच? “लागेल त्याला,” एवढंच म्हणाली. खरं आहे. इतके दिवस खाऱ्या पाण्यात भिजलेला माणूस घरी आला की आधी कोरडा कपडा लागतो. मी तिला बटणं तपासायला सांगितली. तिनं तपासली.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

पावाच्या रांगेत फ्रेंच अधिकारी मोठमोठ्यानं बोलत होते. वसंतात त्यांचा सम्राट सगळं सैन्य घेऊन इंग्लंडात उतरणार, आता अडवायला कोणी उरलं नाही. त्यासाठी आणखी जहाजं हवीत, जहाजांसाठी आणखी माणसं हवीत. परवापासून पुन्हा गल्लीगल्लीतून माणसं उचलतायत. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “जिंकल्यावर ही तऱ्हा. हरलो असतो तर?”

मागून कोस्मे म्हणाला, “हरलो असतो तर बरीच पोरं आपल्याच मोडक्या जहाजांवर असती, मावशी. आणि आपल्या जहाजाला मास्तरांनी गोळा चढवला असता.”

ती हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण कोस्मेचे विनोद शाळेतही मला उशिरा कळायचे.

बुधवार, ३० ऑक्टोबर

संध्याकाळी कोस्मे घरी आला. टोपी हातात. इतक्या वर्षांत तो माझ्या घरात टोपी काढून उभा राहिलेला मला आठवत नाही.

“मास्तर, एक मागणं आहे. पाद्रीबाबांकडे जा आणि सांगा, बुधवारचं जहाज आपलं होतं.”

“पण ते नव्हतं.”

“तुम्ही म्हणालात तर होईल. मनोऱ्याचा शब्द आहे. मग वाळूतल्यांना आतली जमीन मिळेल, प्रार्थना मिळेल.”

“इंग्रजांना?”

“सगळेच इंग्रज नाहीत. एकाला ओळखलंय.”

“कोणी?”

तो चुलीकडे बघत राहिला. “एका बाईनं. तिच्या नवऱ्याला.”

“मग तिनं जाऊन सांगावं.”

“सांगितलं. पाद्रीबाबा म्हणाले, या आठवड्यात प्रत्येक बाईला प्रत्येक प्रेत आपल्याच माणसाचं वाटतंय. चेहरे उरलेत कुठे? मनोऱ्यानं परकं म्हटलं म्हणजे परकं.”

रेमेदिओस भांडी घासत होती. तिचा हात थांबला होता.

मी म्हणालो, त्या बाईचं मला वाईट वाटतं. पण दुःखानं माणसाला भलतं दिसतं, म्हणून तर मनोऱ्यावर म्हातारा शांत माणूस ठेवतात. आयुष्यभर मुलांना सांगितलं की खोटं बोलू नका. आज पाद्र्यासमोर उभा राहून मीच बोलू? कोस्मेला राग आला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “तुम्ही पिछाडीवर काय बघितलंत ते मला सांगत होतात, आठवतं? लाकूड उभं करत होते म्हणून.”

“तराफा.”

“बरं,” तो म्हणाला. “तराफा.” टोपी घालून गेला.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

रेमेदिओस तीन दिवस जेवलेली नाही, हे आज माझ्या लक्षात आलं. ताट माझ्यापुढे असतं, मी बोलत असतो, आणि ती पाणी आणायला उठते. आज मी बोलायचं थांबलो तेव्हा दिसलं की तिच्यापुढे ताटच नाही.

“त्या बाईसाठी मन लावून घेतलंयस तू,” मी म्हणालो.

“हो.”

“मी गेलो तर जेवशील?”

“जेवीन, बाबा.”

मग गेलो. पाद्रीबाबा वेदीजवळ मेणबत्त्या बदलत होते. मी म्हणालो, “बुधवारचं जहाज आपलं होतं.”

“तुम्ही तेव्हा परकं म्हणाला होतात, मास्तर.”

“म्हणालो होतो. माझी चूक झाली.”

“तुमची? क्रूस नव्हता म्हणे त्याच्यावर.”

मग ऐकू आलं, माझाच आवाज सांगत होता की क्रूस ते बांधत होते, दोन लाकडं, दोरानं, उभा करत होते, लाट पाडत होती, आणि कठड्यावर एक जण उभा राहून मनोऱ्याकडे हात करत होता की बघा, बघा. इतकं बारकाईनं सांगितलं की पाद्रीबाबांनी मेणबत्ती खाली ठेवली. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलायला लागला की असं होतं, तपशिलावर तपशील. बाहेर आल्यावर पायरीवर बसावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच जाणूनबुजून खोटं बोललो, त्याचा हा थरकाप असावा.

ती जेवली. थोडं.

शनिवार, २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

वाळूतल्यांना आत आणलं. सगळ्यांना, कारण कोण कुठला हे आता वेगळं काढता येत नाही. एकाच कोपऱ्यात ओळीनं खड्डे. बरेच लोक आले होते. कोस्मे आणि त्याच्या होडीवरची माणसं खांदा द्यायला होती.

पांढऱ्या चादरीत गुंडाळलेले सगळे सारखेच दिसत होते. एका चादरीच्या गळ्याशी सदऱ्याची पांढरी पट्टी बाहेर आली होती. रेमेदिओसनं ती आत सारली. ती त्याच खड्ड्याशी उभी राहिली म्हणून मीही राहिलो. पाद्रीबाबांनी विचारलं, कोणाचं नाव ठाऊक आहे का? ती पुढे झाली आणि त्यांच्या कानात काही म्हणाली. माझे डोळे शाबूत आहेत, कान नाहीत. आणि मी त्या वेळी समुद्राकडे बघत होतो.

कोस्मे म्हणाला, “मास्तर, तुम्ही माती द्या. इथे तुम्हीच द्या.” दिली. मग म्हणाला, काही म्हणा. शेकडो कविता पाठ असलेला माणूस मी, पण एक ओळ आठवेना. माती ओली होती, बोटांना चिकटली, आणि ती झटकावीशी वाटेना.

रेमेदिओस काळ्या कपड्यात होती, पण आज सगळ्याच बायका काळ्यात असतात.

तिनं लसणीचं सार गरम केलं. आज दोन ताटं मांडली आणि समोर बसून जेवली. जेवण झाल्यावर तिनं विचारलं, “बाबा, उद्या मनोऱ्यावर जाणार?”

मी म्हणालो, “जायला हवं. त्याचं जहाज यायचंय अजून.”

तिनं ताटं उचलली.

“मग शाल घेऊन जा,” ती म्हणाली. “वर गार वारा असतो.”